व्हेरिएबल-स्पीड ब्लोअरची इलेक्ट्रिक फर्नेस बसवताना: पॅनेलपासून पहिल्या गरम झोतापर्यंत

इलेक्ट्रिक फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा खेळवणारी विजेची भट्टी, दिसायला अगदी साधी असते. गॅस नाही, चिमणी नाही, ज्योत नाही. पत्र्याच्या पेटीत निक्रोमच्या तापणाऱ्या तारांची वेटोळी (एलिमेंट्स), त्यांच्यावरून हवा ढकलणारा ब्लोअर आणि २४ व्होल्टवर चालणारा एक बोर्ड. त्यामुळे इलेक्ट्रिशियनने तारा जोडल्या की काम फत्ते, असं बहुतेकांना वाटतं. जुन्या ब्लोअरच्या बाबतीत ते बरंचसं खरंही होतं. वेग स्वतः बदलणाऱ्या व्हेरिएबल-स्पीड ब्लोअरचं तसं नाही. त्याने किती हवा टाकायची हे त्याला सांगावं लागतं. कोणी सांगितलं नाही, तर तो कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर चालत राहतो. घर तापतं, त्यामुळे काही बिघडलंय हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेत पहिलं घर घेतलेल्यांना आणि फर्नेस बदलायची वेळ आलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. कॅनडात विजेचे नियम वेगळ्या संहितेतून येतात, पण कामाचा क्रम हाच. २४० व्होल्टचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. तो काय करतोय हे कळावं आणि योग्य जागी योग्य प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी पुढची माहिती.

१. फर्नेसच हवी का, हे आधी ठरवा

विजेच्या हीटरमधून १ किलोवॅट-तासाला ३,४१२ बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता मिळते. त्याहून एक बीटीयूही जास्त नाही, मग मॉडेल कितीही महाग असो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून फार कडक थंडी नसेल तर तेवढ्याच विजेत दुप्पट-तिप्पट उष्णता देतो. हिवाळा छोटा असेल, किंवा क्यूबेकसारखी जलविद्युत स्वस्त असेल, तर नुसती फर्नेस परवडते. एरवी बिल बघून डोळे पांढरे होतात.

माझं मत विचाराल, तर एसीही बदलायचाच असेल तेव्हा हीट पंप घ्या आणि फर्नेसची एलिमेंट्स कडाक्याच्या दिवसांसाठी मागे राहू द्या. आज तेवढे पैसे नसतील तरी ब्लोअर मात्र उद्याच्या हीट पंपाच्या टनेजला, म्हणजे क्षमतेला, पुरेल असा निवडा.

२. किती किलोवॅट?

इथे पहिला सापळा. जुन्या गॅस फर्नेसवर ८०,००० बीटीयू लिहिलेलं असतं आणि विक्रेता त्यावरून थेट २० किलोवॅटची फर्नेस सुचवतो. पण तो आकडा आत जाणाऱ्या गॅसचा. ८० टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसमधून घराला ६४,००० मिळत होते, आणि ती फर्नेसही बहुधा गरजेपेक्षा मोठीच बसवलेली होती. घराला खरोखर ३५,००० बीटीयू लागत असतील, तर साधारण १० किलोवॅटमध्ये भागतं.

खरा आकडा ‘मॅन्युअल जे’ नावाच्या हिशेबातून येतो. त्यात भिंती, खिडक्या, इन्सुलेशन, हवेची गळती आणि तुमच्या गावचं हिवाळी तापमान धरलेलं असतं. ‘इतक्या चौरस फुटांना इतके किलोवॅट’ असं सांगणाऱ्याकडे हा हिशेब लेखी मागा. मोठी फर्नेस घेतली तर फर्नेसपेक्षा वायर, ब्रेकर आणि पॅनेल, म्हणजे घराची मुख्य वीजपेटी, यांवरच जास्त पैसे जातात.

काँडो किंवा अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. मोठ्या इमारतींत अनेकदा २४० ऐवजी २०८ व्होल्ट येतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून १० किलोवॅटची फर्नेस तिथे साडेसात किलोवॅटच देते.

३. पॅनेल पुरेल का? ऑर्डर देण्याआधीच बघा

२४० व्होल्टवर नुसती एलिमेंट्स किती विद्युतप्रवाह घेतात ते बघा:

- १० किलोवॅट: सुमारे ४२ अँपिअर
- १५ किलोवॅट: सुमारे ६२.५ अँपिअर
- २० किलोवॅट: सुमारे ८३ अँपिअर

यात ब्लोअरचे थोडे अँपिअर वाढतात. शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार हीटिंग हा सतत चालणारा भार मानला जातो, म्हणून वायर आणि ब्रेकर १२५ टक्क्यांच्या हिशेबाने निवडतात. त्यामुळे १० किलोवॅटला साधारण ६० अँपिअरचा ब्रेकर लागतो. हीटिंगची एलिमेंट्स ४८ अँपिअरच्या वर गेली की ती वेगवेगळ्या सर्किट्समध्ये विभागावी लागतात. म्हणूनच १५ आणि २० किलोवॅटच्या फर्नेसला दोन-दोन ब्रेकर दिसतात. ती इलेक्ट्रिशियनची उधळपट्टी नव्हे.

घराला १०० अँपिअरची सर्व्हिस, म्हणजे वीज कंपनीची जोडणी, असेल आणि शेगडी, ड्रायर, इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर सगळं विजेवर असेल, तर २० किलोवॅटची फर्नेस त्यात बसणं अवघडच. इलेक्ट्रिशियनकडून लोड कॅल्क्युलेशन, म्हणजे घरातल्या एकूण वीजभाराचा हिशेब, करून घ्या. सर्व्हिस वाढवायची झाली तर वीज कंपनीच्या तारखेवर अवलंबून राहावं लागतं. फर्नेस गॅरेजमध्ये येऊन पडल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

४. कागदपत्रं आणि हत्यारं

जवळ ठेवायचे कागद:

- शहराचं किंवा काउंटीचं परमिट. इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल अशी दोन लागू शकतात. राहत्या घराचं काम मालकाला स्वतः करू द्यायचं की नाही, हे जागोजागी वेगळं असतं
- मॅन्युअल जे चा अहवाल आणि लोड कॅल्क्युलेशन
- कंत्राटदाराचा परवाना क्रमांक आणि विम्याचा दाखला
- फर्नेसच्या नेमप्लेटचा फोटो. सर्किटची किमान क्षमता आणि ब्रेकरची कमाल क्षमता दोन्ही त्यावर छापलेली असतात
- इन्स्टॉलेशन मॅन्युअल, ब्लोअरच्या तक्त्यांसह
- एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर त्यांची लेखी परवानगी

यातलं मॅन्युअल सगळ्यात आधी गायब होतं. खोक्यातून काढतात, चुरगाळतं आणि पुठ्ठ्याबरोबर कचऱ्यात जातं. पेटी उघडल्या उघडल्या ते आपल्या ताब्यात घ्या. इन्स्पेक्टर तेच मागतो आणि नवव्या पायरीला तुम्हालाही तेच लागणार आहे.

हत्यारांत क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून विद्युतप्रवाह मोजणारा), मल्टिमीटर, टोकदार प्रोबचे दोन थर्मामीटर आणि हवेचा दाब मोजायला मॅनोमीटर. स्वतः विकत घ्यायची गरज नाही, पण काम करणाऱ्याकडे ती आहेत ना, हे पहिल्या फोनवरच विचारा. मॅनोमीटर नसेल, तर व्हेरिएबल-स्पीड ब्लोअर लावून तो मोजणार काय?

५. जुनी गॅस फर्नेस काढताना वॉटर हीटर विसरू नका

अख्ख्या लेखातली जिवाशी खेळणारी गोष्ट हीच. अनेक जुन्या घरांत गॅस फर्नेस आणि गॅस वॉटर हीटर एकाच चिमणीत धूर सोडतात. फर्नेस काढली की ती रुंद चिमणी एकट्या वॉटर हीटरला फार मोठी पडते. ती पुरेशी तापत नाही, धूर वर खेचला जात नाही आणि कार्बन मोनॉक्साइड घरात उतरू शकतो. ‘आता गॅस फर्नेस गेली, धोका टळला’ असं वाटत असतानाच हे होतं. चिमणीत योग्य मापाचा लाइनर (आतली नळी) घाला, नाहीतर वॉटर हीटरही विजेवर न्या. तोवर कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म काढू नका. गॅसची लाइन परवानाधारक माणसाकडून बंद करून, गळती तपासून घ्या.

जुन्या एसीच्या नळ्या कापायच्या असतील तर त्यातला गारवा देणारा रेफ्रिजरंट वायू नियमाप्रमाणे आधी काढून घ्यावा लागतो, आणि ते काम प्रमाणपत्र असलेल्यानेच करायचं.

६. पेटी, डक्ट आणि फिल्टर

फर्नेस उभी, उलटी की आडवी बसणार आहे हे मॉडेलशी ताडून बघा. उलट्या फर्नेसमध्ये गरम हवा खाली जाते, त्यामुळे लाकडी जमिनीवर ती बसवायला वेगळी बैठक लागते. समोर ३६ इंच खोल आणि ३० इंच रुंद मोकळी जागा ठेवा. अॅटिकमध्ये एसीची कॉइल असेल तर खाली दुसरा ट्रे आणि पाणी साचलं की मशीन बंद करणारा फ्लोट स्विच हवाच. छताचं जिप्सम भिजून खाली आल्यावर ट्रेची किंमत कळून उपयोग नाही.

आता डक्ट, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या वाहिन्या. जुन्या ब्लोअरची मोटर पीएससी प्रकारची, म्हणजे साधी कपॅसिटरवाली, असते. डक्ट अरुंद असले की तिची हवा आपोआप कमी व्हायची. व्हेरिएबल-स्पीडची ईसीएम मोटर (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची) हार मानत नाही. ठरलेली हवा ढकलण्यासाठी ती वेग वाढवते, जास्त वीज खाते आणि जाळ्यांतून घोंघावते. ‘नवीन फर्नेस आवाज करते’ ही तक्रार पुष्कळदा मोटरची नसते, जुन्या डक्टचीच असते. परतीच्या हवेचा डक्ट तर हमखास लहान असतो.

घेताना नीट विचारा: मोटर स्थिर टॉर्कची की स्थिर हवेची? ३ जुलै २०१९ पासून अमेरिकेत फर्नेसच्या पंख्यांना वीजबचतीचा नियम लागू झाला, तेव्हापासून ईसीएम सगळीकडे दिसते. पण स्थिर टॉर्कच्या मोटरला ठरावीक टप्पेच असतात आणि दाब वाढला की तिची हवा घटते. विक्रेते दोन्हींना सर्रास एकच नाव देतात. खरी व्हेरिएबल-स्पीड ती स्थिर हवेची.

फिल्टर एक इंची आणि दाट विणीचा असेल तर तोच निम्मा दाब खाऊन टाकतो. चार इंची फिल्टरची चौकट आत्ताच बसवून घ्या, नंतर पत्रा कापायला कोणी येत नाही. सांधे मॅस्टिकच्या लेपाने किंवा यूएल १८१ या मानकाच्या शिक्क्याच्या फॉइल टेपने बंद करायला सांगा. दुकानात ‘डक्ट टेप’ म्हणून मिळणारी कापडी पट्टी, नाव काही असलं तरी, डक्टवर टिकत नाही.

७. २४० व्होल्टची जोडणी

काम इलेक्ट्रिशियनचं. तुम्ही चार गोष्टींवर नजर ठेवा.

फर्नेसच्या नजरेच्या टप्प्यात वीज तोडायची सोय हवी. बऱ्याच फर्नेसमध्ये पेटीतच ब्रेकर असतात, ते चालतात.

टर्मिनलचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने, नेमप्लेटवरच्या मापाने आवळायचे. इलेक्ट्रिक फर्नेस जळाल्याच्या फोटोंत काळी पडलेली असते ती बहुधा सैल टर्मिनलचीच जागा. ॲल्युमिनियमची वायर असेल तर टर्मिनल त्यासाठी मान्य असलेलं हवं, आणि गंज रोखणारी पेस्टही.

ट्रान्सफॉर्मरला २०८ आणि २४० असे दोन टॅप (जोडणीची टोकं) असतात. तुमच्याकडे जे व्होल्टेज येतं त्याचाच टॅप जोडलेला आहे ना, हे मल्टिमीटरने तपासायला लावा.

मोटरचा पॉवर प्लग. स्थिर हवेच्या अनेक मोटर्सना पाच पिनांचा पॉवर प्लग आणि सोळा पिनांचा सिग्नलचा प्लग असतो. पाचातल्या पिन १ आणि २ मधला जंपर (छोटी जोडतार) फक्त १२० व्होल्टसाठी. तो तसाच ठेवून २४० दिले की मोटर कायमची गेली. तसंच या मोटरला वीज सतत येत असते, थर्मोस्टॅट बंद असला तरी. चालू विजेवर प्लग काढू-घालू नका आणि वीज तोडल्यावर मोटर उघडण्याआधी पाच मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये तोवर वीज साठलेली असते.

८. थर्मोस्टॅटच्या तारा

आर म्हणजे २४ व्होल्ट, सी परतीची, जी पंख्याची, वाय थंडाव्याची, डब्ल्यू-१ आणि डब्ल्यू-२ उष्णतेचे दोन टप्पे. स्मार्ट थर्मोस्टॅटला सी लागतेच. भिंतीत जुनी चार तारांची केबल असेल तर आत्ताच आठ तारांची ओढून घ्या.

थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये ‘गॅस’ की ‘इलेक्ट्रिक’ असा पंख्याचा प्रश्न असतो. ‘इलेक्ट्रिक’ निवडा, म्हणजे उष्णता मागताना थर्मोस्टॅट पंख्यालाही हाक मारतो. ‘गॅस’वर तो पंखा फर्नेसवर सोपवतो. बोर्डाने स्वतः ब्लोअर चालू केला तर ठीक, नाहीतर एलिमेंट्स हवेविना तापतात आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा लिमिट स्विच ट्रिप होत राहतो.

१० किलोवॅटच्या वरच्या फर्नेसमध्ये डब्ल्यू-१ आणि डब्ल्यू-२ एकत्र जोडून मोकळं होण्याची सवय अनेकांना असते. तसं करू देऊ नका. दोन टप्पे वेगळे ठेवले तर थोड्या थंडीत अर्धी एलिमेंट्स पुरतात.

आर आणि सी एकमेकांना लागल्या की बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा, गाडीत असतो तसा फ्यूज उडतो. तारा जोडताना वीज बंद ठेवा आणि एक-दोन फ्यूज हाताशी असू द्या.

९. ब्लोअरला हवा सांगा

बोर्डावर छोटे डीआयपी स्विच किंवा जंपर असतात. त्यांच्याजवळ उष्णता, थंडावा, कमी-जास्त आणि विलंब असे गट दिसतील. वीज बंद करून, मॅन्युअलमधला तक्ता समोर ठेवून ते बदलायचे. बदललेलं सेटिंग वीज पुन्हा दिल्यावरच मोटर उचलते.

उष्णतेचं गणित सोपं आहे. हवेचं तापमान किती फॅरनहाइट वाढेल? किलोवॅटला ३,१६० ने गुणा आणि हवेच्या सीएफएमने, म्हणजे मिनिटाला किती घनफूट त्या आकड्याने, भागा.

समजा फर्नेस १० किलोवॅटची आहे आणि ब्लोअर कारखान्यातून १,६०० सीएफएमवर लावून आलाय. तापमान वाढेल जेमतेम २०. परतीची हवा ७० असेल, तर जाळीतून ९० ची हवा येईल. थर्मामीटरला ती गरम वाटते, पण अंगाला नाही. आपली कातडी तितकीच गरम असते आणि वर झोत जोरात, त्यामुळे सोफ्यावर बसलेला माणूस कुडकुडतो. हवा ८०० वर आणा. वाढ ४० च्या आसपास आणि झोत ११० चा. फर्नेस तीच, वीज तीच, घर मात्र वेगळं वाटतं. फक्त तुमच्या किलोवॅटसाठी तक्त्यात दिलेल्या किमान हवेच्या खाली जाऊ नका, नाहीतर लिमिट स्विच आडवा येईल.

थंडाव्यासाठी साधारण माप टनाला ४०० सीएफएम. दमट भागात ३५० धरा. हवा हळू गेली की कॉइल जास्त थंड राहते आणि ओलावा जास्त ओढते. ३ टनांच्या एसीला ह्यूस्टनमध्ये १,२०० पेक्षा १,०५० बरे. ओलाव्यावर हवा कमी करण्यासाठी काही बोर्डांवर वेगळं टर्मिनल असतं. त्याचा जंपर ह्युमिडिस्टॅट (ओलाव्यावर चालणारा स्विच) जोडतानाच कापायचा, आधी नाही.

केलेलं सेटिंग लागू झालं का? बऱ्याच बोर्डांवर एक दिवा लुकलुकतो, एका लुकलुकीला १०० सीएफएम. बारा वेळा लुकलुकला तर १,२००. मोटरकडे मागितलेली हवा एवढंच तो सांगतो. ती खोलीपर्यंत पोहोचली का, ते मोजूनच कळतं.

पंखा सतत मंद चालू ठेवायचा का, हा नेहमीचा प्रश्न. पंख्याच्या नियमानुसार हवा निम्मी केली की शक्ती एक अष्टमांशावर येते, म्हणून हिवाळ्यात हा चैनीचा खर्च फार नाही. दमट उन्हाळ्यात मात्र ऑटोवर ठेवा. एसी थांबल्यावर कॉइलवरचं पाणी तोच पंखा परत घरात उडवतो.

१०. पहिल्यांदा चालू करताना

आधी फक्त पंखा. मग पहिला टप्पा, मग दुसरा. एलिमेंट्स सगळी एकदम लागत नाहीत. सिक्वेन्सर त्यांना काही सेकंदांच्या अंतराने जोडतो. ५ किलोवॅटच्या प्रत्येक एलिमेंटवर क्लॅम्प मीटर २१ च्या आसपास अँपिअर दाखवायला हवा. एखाद्यावर शून्य आला तर तार तुटलेली, नाहीतर फ्यूज लिंक (जास्त तापल्यावर वितळणारा दुवा) गेलेली.

पहिल्या दिवशी तेल आणि धूळ जळल्याचा वास येतो. खिडक्या उघडा. धुराचा अलार्म वाजला तर घाबरू नका, पण वास दुसऱ्या दिवशीही राहिला तर टर्मिनल तपासायला बोलवा.

आता हवा मोजा. इलेक्ट्रिक फर्नेसचा हा मोठा फायदा: उष्णता नेमकी किती हे विजेवरून कळतं. व्होल्ट गुणिले अँपिअर, त्याला ३.४१ ने गुणा, आणि १.०८ गुणिले तापमानवाढ याने भागा. मीटरवर २३८ व्होल्ट, ६१ अँपिअर आणि ३८ अंशांची वाढ आली, तर हवा सुमारे १,२०० सीएफएम. गरम हवेच्या बाजूचा थर्मामीटर डक्टच्या पहिल्या वळणापलीकडे घाला. एलिमेंट समोर दिसत असेल तर तिची थेट उष्णता लागून आकडा चढतो. डेन्व्हरसारख्या उंच गावी हवा विरळ असते, तिथे १.०८ ऐवजी ०.९ धरा.

शेवटी मॅनोमीटरने डक्टचा एकूण दाब. बहुतेक फर्नेस ०.५ इंच पाण्याच्या दाबाला मापलेल्या असतात. ०.८ किंवा जास्त आला तर सेटिंगशी खेळत बसू नका. फिल्टर, परतीचा डक्ट आणि बंद राहिलेले डॅम्पर (डक्टमधल्या झडपा) बघा. आलेले सगळे आकडे मॅन्युअलच्या आतल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.

११. नंतरचं थोडं

वॉरंटीची नोंदणी कंपनीच्या मुदतीत करा, नाहीतर तिची वर्षं कमी होऊ शकतात. पॅनेलमधल्या ब्रेकरवर नाव लिहा. पहिल्या हिवाळ्यानंतर टर्मिनल पुन्हा आवळून घ्या, गरम-गार होऊन ती सैल पडतात.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एक तपासणी. सिक्वेन्सरचा किंवा रिलेचा काँटॅक्ट चिकटला तर थर्मोस्टॅट बंद असूनही एक एलिमेंट तापत राहते. वर एसी चालू असला की घर कसंबसं गार होतं आणि बिल फुगतं, पण कारण सापडत नाही. थर्मोस्टॅट बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि इलेक्ट्रिशियनला फर्नेसच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावायला सांगा. २० च्या आसपास अँपिअर दिसले, तर फर्नेसचा ब्रेकर बंद करून सिक्वेन्सर बदलून घ्या.